अलिबाग–पुणे, पेणमार्गे

"गो आसावरी, पोरीला न्हेऊ नको संगती. आखणीच्या खोलीत बारकं पोर चालत नाय," कृष्णाबाई म्हणाली होती.

कृष्णाबाई आमच्याकडे, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, भांड्यांना येते. तिचं माहेर पेणचं, आणि माहेरची निम्मी माणसं गणपतीच्या कारखान्यात. मूर्तीचे डोळे रंगवायचे, त्याला तिथे आखणी म्हणतात, आणि आखणी चालू असताना त्या खोलीत कुणी शब्द काढायचा नसतो, हे तिनेच मला सांगितलं. मी हसले आणि स्पृहाचा रेनकोट शोधायला लागले.

खरं तर स्पृहाला सोडून मी कुठेच जात नव्हते. ती पाच वर्षांची. तिचे बाबा, विराज, गुजरातेत एका कंपनीत गेले आणि तिकडचेच झाले. आम्ही वेगळे झालो तेव्हा भांडलो नाही... म्हणजे भांडून आधीच झालं होतं. तेव्हापासून मला एक खोड लागली. दर दोन मिनिटांनी मान वळवून पोरगी जागेवर आहे ना ते बघायचं. शाळेची रिक्षा जरा उशिरा आली की चालत पुलापर्यंत जायचं. आई म्हणायची, "तिला पाय आहेत गं, पंख नाहीत."

अशी मी, एकोणतीस वर्षांची, पुन्हा कॉलेजात जायला निघाले होते. त्यातही एक नाही, दोन फॉर्म भरले होते. एक नवी मुंबईचा, पत्रकारितेचा. सकाळची गाडी पकडली तर रोह्याहून रोज जाऊन-येऊन जमणारा. दुसरा पुण्याचा, चित्रपट निर्मितीचा. तिथे दोन वर्षं पुण्यातच राहावं लागणार होतं. नवी मुंबईवाल्यांना लेखी परीक्षा पुरे होती. पुणेवाल्यांना पाच मिनिटांची फिल्म हवी होती – एक माणूस, एक काम, संवाद नकोत.

रोह्यातल्या एका बातम्यांच्या यूट्यूब चॅनेलसाठी मी दोन वर्षं कॅमेरा धरत होते. कुंडलिकेचं पाणी चढलं की पुलावर मी, पालखी निघाली की गच्चीवर मी. बातमी दीड मिनिटात संपायची. आणि नेमकं तेव्हाच मला वाटायचं, थांबा जरा, आता कुठे काही दिसायला लागलं होतं.

म्हणून जूनच्या एका शनिवारी एसटीने मी पेणला महिपतीशेठांच्या कारखान्यात पोचले. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात स्पृहा.

बाहेर पाऊस नुसता ओतत होता. आत ओल्या शाडूचा वास, घरघरणारे पंखे, आणि रांगेने मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती, सगळ्या अजून बिनडोळ्यांच्या. महिपतीशेठांनी स्पृहाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण कृष्णाबाईचं नाव सांगितल्यावर डावीकडची खोली दाखवली. एवढंच बजावलं की कॅमेरा चालू, तोंड बंद.

खोलीत तो एकटाच होता. आदर्श. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर. बुटक्या स्टुलावर बसलेला, मूर्तीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. ब्रश रंगात बुडवायचा, टोक अंगठ्यावर फिरवायचा, आणि मग श्वास धरायचा. एक भुवई एका श्वासात. रेघ पुरी झाली की खांदे खाली यायचे. मग दुसरी. त्याच्याबरोबर मीही श्वास धरत होते, हे मला नंतर घरी शूटिंग बघताना कळलं. चित्र त्याच तालात जरा जरा हलत होतं.

पापणीची रेघ अर्ध्यावर आली होती.

"काका, हा बाप्पा कधी उठणार?"

ब्रश सटकला. डोळ्याच्या कोपऱ्यापासून थेट कानापर्यंत काळी रेघ. बाहेरचा रंगाचा फवारा थांबला. दारात महिपतीशेठ. धरणी दुभंगली असती तर मी त्या वेळी आनंदाने आत उतरले असते.

आदर्शने ब्रश खाली ठेवला आणि वळून स्पृहाकडे बघितलं. अगदी गंभीरपणे.

"उठला की," तो म्हणाला. "तू हाक मारलीस ना."

महिपतीशेठ मला जे जे बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून इथे लिहीत नाही. तोंडाचा रंग घासून काढायचा, परत द्यायचा, आणि पावसात तो वाळायला चार दिवस. मी माफी मागून कॅमेरा पिशवीत भरत होते, तर आदर्श मागच्या नळावर ब्रश धूत होता.

"परत कधी येताय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, शेठ आता मला पेणच्या वेशीत तरी येऊ देतील का.

"शेठचं मी बघतो. तुमची फिल्म कुठं झाली अजून?"

"मग पुढच्या वेळी हिला घरी ठेवून येईन."

"नका ठेवू. आज अर्धा वेळ तुम्ही हिच्याकडं बघत होता. घरी ठेवून आलात तर पूर्ण वेळ फोनकडं बघाल. मग माझं शूटिंग कोण करणार?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. "तुम्ही बाप्पाचे डोळे आखत होतात की माझ्यावर नजर ठेवून होतात?"

"डोळ्याचंच काम करतो, मॅडम," तो ब्रश झटकत म्हणाला. "दिसतं."

परतीच्या एसटीत स्पृहा माझ्या मांडीवर झोपली. नागोठणं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की खिडकीच्या काचेत मी उगाचच हसते आहे.

मग शनिवारमागून शनिवार. आदर्शने स्पृहाला शाडूचा गोळा दिला आणि सगळ्या मूर्तींना उंदीर लागतात, ते तू कर, असं सांगितलं. तिचे उंदीर बटाट्यांसारखे व्हायचे. तो ते ओळीने फळीवर मांडायचा. त्या दोघांचं ठरलं होतं – पेन्सिल त्याच्या कानावर असली की बोलायचं, कानावर नसली की गप्प. माझं एक वाक्य न ऐकणारी माझी मुलगी त्या पेन्सिलीचं सगळं ऐकायची.

तो पेणजवळच्या गागोद्याच्या बाजूचा. घरी भात, भाताच्या मागून वाल. चौदाव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत कारखान्यात आला, तेव्हा सोंडा घासायला बसवलं होतं. आता बत्तिसाव्या वर्षी आखणी तो एकटाच करतो. लग्न? मुली बघायला गेलो होतो, म्हणाला, दोनदा. मुलीकडच्यांनी विचारलं, गणपतीनंतर काय करता? "मी खरं सांगितलं. झोपतो."

मी इतकी हसले की महिपतीशेठ डोकावून गेले.

चौथ्या शनिवारी अंबा नदीचं पाणी नागोठण्याला रस्त्यावर आलं आणि रोह्याच्या गाड्या बंद झाल्या. पेणच्या स्टँडवर बाकाच्या कडेला मी, स्पृहा आणि गळणारं छप्पर. आईचा फोन दर दहा मिनिटांनी. पाणी किती, पोरगी भिजली का, बिस्किटं आहेत का. मी सगळ्याला हो म्हणत होते आणि स्पृहाचा हात सोडत नव्हते. मला पाण्याची भीती नाही. अडकून पडण्याची आहे.

तेवढ्यात छत्री मिटत आदर्श आला. अंगावर कामाचाच शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले भाजलेले पोह्याचे पापड. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाला, नागोठण्याला पाणी भरलं की पेणमध्ये सगळ्यांना कळतं, त्याला यूट्यूब लागत नाही.

तो दोन तास बसला. एरवी त्या दोन तासांत त्याच्या पाच मूर्ती झाल्या असत्या. स्पृहा आमच्या मधे बसून पापड मोडत होती. मी त्याला दोन कॉलेजांचं सगळं सांगितलं. पत्रकारितेत काय शिकवतात, फिल्ममध्ये काय, कुठे किती जागा. तो ऐकताना मधे बोलत नाही. ऐकतानाही श्वास धरतो की काय, असं मला वाटलं.

"आणि तुम्हाला काय आवडतं, मॅडम?"

"मॅडम नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

त्याने स्टँडवरच्या गर्दीकडे बघितलं. छत्र्या, पिशव्या, रोह्याची ओळखीची चार तोंडं. "इथं नको," तो हळूच म्हणाला. "इथं नाव घेतलं की गाव ऐकतं."

– आणि माझे कान, दोन्ही, इतके तापले की स्पृहाने हात लावून विचारलं, आई तुला ताप आला का.

पाणी ओसरलं. गाडी लागली. तो खिडकीशी उभा राहिला. गाडी सुटल्यावर छत्री उघडायची विसरून तसाच भिजत उभा होता. मी मान वळवून बघत होते. आणि त्या वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी स्पृहा जागेवर आहे का ते बघितलं नव्हतं.

फिल्म पुण्याला पाठवली, नवी मुंबईची लेखी परीक्षा दिली, आणि जुलै संपता संपता दोन्ही याद्या लागल्या. दोन्हीत माझं नाव. पुण्याला कळवायला चार दिवस.

आईचं ठरलेलं होतं – नवी मुंबई. पोरीची शाळा इथली, घर इथलं, गाडी दारातून. बाबा निवृत्त मास्तर, ते नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राआड. आणि मी? मीही नवी मुंबईच म्हटलं. कारणं सगळी आईचीच दिली. एक मात्र कुणाला सांगितलं नाही. रोह्याची गाडी पेणला थांबते. जाताना एकदा, येताना एकदा.

ते एक कारण मी त्याला सांगायला गेले. स्पृहाला या खेपेस आईजवळ ठेवलं होतं. कारखान्यात जेवायची सुट्टी झाली होती. आदर्श मागच्या ओट्यावर डबा उघडून बसला होता. पोरगी कुठाय, त्याने पहिलं विचारलं.

मी म्हटलं, दोन्हीकडे नाव लागलं. मी नवी मुंबई घेतेय.

तो घास चावत राहिला. "का?"

मी आईची सगळी कारणं ओळीने सांगितली. तो तसाच बघत राहिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं – "आणि गाडी पेणवरून जाते. रोज."

मला वाटलं होतं तो हसेल. निदान खाली बघेल. त्याने डब्याला झाकण लावलं.

"त्यासाठी?"

"एवढं वाईट आहे का ते?"

"वाईट नाय. पण तुम्ही स्टँडवर दोन तास बोलत होता ना, त्यात नवी मुंबईचं पाच मिनिटांत उरकलं. बाकी सगळा वेळ पुणं. मी ऐकत होतो." तो उठला, पुन्हा बसला. "मी इथंच असतो. याच स्टुलावर. कुणी बघो, न बघो. माझ्यासाठी म्हणून कॉलेज घेतलंत, आणि उद्या ते कॉलेज आवडलं नाय, तर राग कुणावर काढाल? रोज गाडी थांबेल तेव्हा मला तो बघावा लागंल."

"म्हणजे मी जावं असं वाटतंय तुम्हाला."

"मी कुठं तसं म्हटलं?"

पागोळ्या पडत होत्या. आत कुणीतरी रेडिओ लावला होता. त्याने कानावरची पेन्सिल काढली, हातात फिरवली, परत कानावर ठेवली.

"पुण्याला पण पेणवरनंच जातात," तो म्हणाला. "अलिबाग-पुणे गाडी. खोपोली करून. साडेतीन तास... घाटात धुकं असलं तर चार. मी बघून ठेवलंय."

"कधी बघितलंत?"

"पाणी भरलं होतं त्या दिवशी. तुमची गाडी गेल्यावर." मग अंगणातल्या चिखलाकडे बघत, अगदी सावकाश, एकेक शब्द आखल्यासारखा – "आता सीझन हाय, मला हलता येणार नाय. पण गणपती गेले की मी मोकळा. झोपण्यापेक्षा येईन. रविवारी पोरीला बागेत न्यायला तुम्हाला कुणीतरी लागंल ना? तुम्ही अभ्यास करा. आम्ही दोघं फिरू. नंतर तुम्हाला वाटलं तर... तिघं."

त्याच्या डब्याचं झाकण उघडून उरलेली अर्धी भाकरी मी खाल्ली. तो बघत होता आणि हसत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. माझ्यासारखे. दोन्ही.

त्याच रात्री मी पुण्याला कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी आई सकाळपासून भांडी आपटत होती. आदर्शचंही तिला कृष्णाबाईकडून कळलंच होतं. संध्याकाळी निवडत असलेली भाजी बाजूला सारून ती बाबांना म्हणाली, गागोद्याकडचे म्हणजे कुळकायद्यात आपली जमीन गेली तिकडचेच ना? बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "गेली ना? मग आता कसली काळजी." थोड्या वेळाने आई माझ्याकडे वळली. "पुण्यात खोली घेशील ती तिघींना पुरेल अशी घे. पोरीला पाळणाघरात ठेवून मला इथे घास जाणार नाही."

आमच्याकडे गणपतीआधी घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायची रीत आहे. त्याच पाटावर आपली मूर्ती बसते. आमचा पाट गेली चाळीस वर्षं रोह्यातच जायचा, बाबांच्या मित्राकडे. यंदा बाबांनी तो काखेत मारला आणि कुणाला न सांगता पेणची एसटी धरली. दुपारी परत आले, पाय धुतले, आरामखुर्चीत बसले. आम्ही दोघी वाट बघत होतो.

"मुलगा बरा आहे," बाबा म्हणाले. "जरा वेंधळा आहे. पाटाच्या मागे खडूने नाव लिहितात, मी त्याला माझं, विष्णू, सांगितलं. त्याने आसावरी लिहिलं."

"मग?" आई.

"मग काय. मी पुसायला सांगितलं नाही."

ऑगस्टच्या मध्यावर आम्ही निघालो. बाबांनी पेणच्या स्टँडवर सोडलं. तीन बॅगा, आई, स्पृहा आणि मी. अलिबाग-पुणे गाडी वेळेवर आली. तो शेवटच्या मिनिटाला धावत आला, गालावर पिवळा रंग, मागे महिपतीशेठांनी दिलेली पंधरा मिनिटं. आईला वाकून नमस्कार केला, बॅगा वर चढवल्या. स्पृहाने विचारलं, तू कधी येणार. बाप्पाला पोचवून लगेच, तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. स्टँडवर गर्दी होती. रोह्याची ओळखीची माणसं होती, त्यातलं एक तर आमच्या चॅनेलचंच होतं.

"जा, आसावरी," तो म्हणाला. सगळ्यांदेखत. चांगला मोठ्याने.

घाटात धुकं होतं. चार तास लागले. मला कमीच वाटले.

आता पुण्यात तीन आठवडे झालेत. आवडतंय. इतकं की लिहायला संकोच वाटतो. पण मी मुळात काळजी करणारी बाई, आणि इथे वर्गात तेच शिकवतात. आधीच्या शॉटमध्ये वस्तू ज्या हातात होती त्याच हातात पुढच्या शॉटमध्ये हवी, नाहीतर बघणाऱ्याला कळतं की मधे काहीतरी घडलंय. दर रविवारी आदर्शचा व्हिडिओ कॉल येतो. पहिल्या रविवारी चहाचा कप त्याच्या उजव्या हातात होता. दुसऱ्या रविवारीही. गेल्या रविवारी डाव्या. पूर्ण वीस मिनिटं डाव्या, आणि उजवा हात चित्रात एकदाही आला नाही. मी विचारलं. तो म्हणाला, काय नाय गो, सहज. यंदा अधिक महिना आला, त्यामुळे हंगाम लांबलाय आणि डोळे आखणारा तो एकटा. मनगट धरलं असलं तरी मला सांगणार नाही, मी सगळं सोडून परत येईन या भीतीने. बाबांना बघून यायला सांगितलं. ते म्हणाले, ठणठणीत आहे. पण बाबा आता त्याच्या बाजूचे झालेत, त्यांचं काही खरं नाही.

तेव्हा एक विनंती आहे. चतुर्थी आठवड्यावर आलीये, तुमच्यापैकी कुणीतरी मूर्ती आणायला पेणला जाणारच. महिपतीशेठांचा कारखाना विचारा, कुणीही दाखवेल. दोन चहा मागवा, एक त्याच्यासाठी. त्याला सांगा, आसावरी कॉलेज सोडणार नाही. शनिवारच्या गाडीने येईल, हाताला शेक देईल, सोमवारी वर्गात असेल. हे ऐकल्यावर तो काय म्हणतो ते मला नको, तो काहीही म्हणेल. कप कुठल्या हाताने उचलतो, तेवढं फक्त बघा. आणि मला खरं कळवा.